अश्वाहारातील प्रथिने व अमिनो आम्ले : वैद्य आणि औषधविक्रेते यांच्यासाठी काही विचार

अलीकडे औषधालयांत एक नवीन प्रकारची पृच्छा होऊ लागली आहे. रेसकोर्सवरील मोतद्दार, माथेरानचा घोडेवाला, लग्नाच्या वरातीसाठी घोडी ठेवणारा गृहस्थ किंवा हौसेने घोडा पाळणारा धनिक दुकानात येतो आणि विचारतो, ‘घोड्याच्या अंगावर मांस चढत नाही, प्रोटीनची पावडर द्यावी काय? किती द्यावी? की अश्वगंधाच पुरे?’ विक्रेता ती पृच्छा वैद्याकडे पाठवितो. वैद्य बहुधा मनुष्याच्या मात्रेला घोड्याच्या वजनाने गुणून काहीतरी उत्तर देतो. या उत्तरात घोड्याचे हित असेलच असे नाही. क्वचित त्यात प्राणघातक धोकाही असतो. म्हणून या विषयाची शास्त्रीय बाजू सभासदांपुढे ठेवणे उचित वाटते.

प्रारंभीच एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० अन्वये पशुचिकित्सेचा व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. रोगी अश्वाची चिकित्सा हे आपले क्षेत्र नव्हे. परंतु आपल्या दुकानातून जे द्रव्य घोड्याच्या तोबऱ्यात जाते त्याचे ज्ञान आपल्याला असणे हे कर्तव्यच आहे.

परळ परिसर आणि अश्व

या विषयाचा अभ्यास करण्यास परळइतके योग्य स्थान क्वचितच सापडेल. १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय येथेच आहे, आणि त्याच्या शेजारी बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय आहे. पश्चिमेस थोड्या अंतरावर महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ पासून आहे. आणि परळच्याच जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ साली प्लेग संशोधन प्रयोगशाळा आली, जिला १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले.

हाफकिनचा अश्वाशी असलेला संबंध आपल्या व्यवसायास विशेष जवळचा आहे. सर्पदंशावरील प्रतिविष अश्वाच्या रक्तद्रवापासून सिद्ध होते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष अल्प व वाढत्या मात्रेत घोड्यास टोचले जाते. त्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात. तो रक्तद्रव काढून, शुद्ध करून रुग्णास दिला जातो. १९७५ साली उत्पादनाचे कार्य हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे आले; महामंडळाची अश्वशाळा पिंपरी येथे आहे. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे सीरमसाठी हाफकिनला दिले जात, आणि त्याच व्यवहारातून पूनावाला कुटुंबास स्वतः सीरम तयार करण्याची कल्पना सुचून १९६६ मध्ये पुण्यास सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. धावणारा अश्व आणि रक्तद्रव देणारा अश्व या दोघांच्याही बाबतीत प्रथिनांचा प्रश्न कळीचा आहे. तो समजण्यासाठी प्रथम घोड्याचा कोष्ठ समजला पाहिजे.

घोड्याचा कोष्ठ गायीसारखा नाही

गाय आणि घोडा दोघेही गवत खातात, म्हणून त्यांचे पचन सारखे असावे असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ते फार भिन्न आहे. गायीच्या पोटातील पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव असतात. ते निकृष्ट प्रथिनांपासून, इतकेच नव्हे तर युरियापासूनही, स्वतःच्या शरीराची प्रथिने बनवितात. ते सूक्ष्मजीव पुढे लहान आतड्यात उतरून पचतात आणि गायीस उत्तम प्रतीची प्रथिने मिळतात. म्हणजे गायीस पोटातच एक कारखाना लाभलेला आहे.

घोड्यातही असा कारखाना आहे, परंतु तो लहान आतड्याच्या पुढे, म्हणजे उंडुक व स्थूलांत्र येथे आहे. तेथे सूक्ष्मजीवांनी केलेली प्रथिने बव्हंशी लिदीबरोबर बाहेर जातात, कारण अमिनो आम्लांचे शोषण मुख्यतः लहान आतड्यातच होते. अतएव घोड्यास जी अमिनो आम्ले हवीत ती त्याच्या खाण्यातच असली पाहिजेत आणि लहान आतड्यातच सुटी झाली पाहिजेत. या बाबतीत घोडा गायीपेक्षा मनुष्याच्या अधिक जवळ आहे.

यावरून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. दुभत्या जनावरांसाठी मिळणारी ‘बायपास प्रोटीन’ची महागडी मिश्रणे घोड्याच्या दृष्टीने निरर्थक आहेत, कारण ज्या कप्प्यास टाळून प्रथिने पुढे न्यावयाची तो कप्पाच घोड्यास नाही. तसेच युरियायुक्त पशुखाद्यातील युरियापासून घोड्यास मांसवृद्धीचा लाभ होत नाही. तो शोषला जाऊन मूत्रावाटे बाहेर पडतो.

‘किती’ यापेक्षा ‘कोणते’ महत्त्वाचे

शरीरातील प्रथिने सुमारे वीस अमिनो आम्लांच्या जोडणीतून बनतात. त्यांपैकी काही शरीर स्वतः करू शकत नाही. ती आहारातूनच यावी लागतात. यांतील जे आम्ल गरजेच्या मानाने सर्वांत कमी पडते, ते इतर सर्वांच्या उपयोगास मर्यादा घालते. घोड्याच्या नेहमीच्या आहारात हे स्थान लायसिनचे आहे, त्यानंतर थ्रिओनिनचे. लायसिन अपुरे असताना इतर प्रथिने कितीही दिली, तरी ती मांसधातूत रूपांतरित न होता जाळली जातात आणि त्यांतील नत्र युरियाच्या रूपाने मूत्रात जातो.

सामान्य-विशेष सिद्धांत आपणास परिचित आहे. समान द्रव्याने धातूची वृद्धी होते हे खरे. परंतु अग्नीने पचविलेले व धातूस अनुरूप असलेले द्रव्यच ती वृद्धी करते. अमिनो आम्लांचा हा नियम त्या विचाराशी सुसंगत आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००७ साली प्रसिद्ध केलेली अश्वपोषणाची मानके जगभर आधारभूत मानली जातात. त्यांनुसार ५०० किलो वजनाच्या, काम नसलेल्या प्रौढ घोड्यास दररोज सुमारे ६३० ग्रॅम प्रथिने व २७ ग्रॅम लायसिन लागते. मध्यम श्रमात हे प्रमाण ७६८ व ३३ ग्रॅम, तर शर्यतीसारख्या अतिश्रमात सुमारे १००४ व ४३ ग्रॅम होते. सर्वाधिक गरज प्रसूतीनंतरच्या पहिल्या महिन्यातील घोडीस असते : सुमारे १५३५ ग्रॅम प्रथिने व ८५ ग्रॅम लायसिन. म्हणजे शर्यतीच्या घोड्यापेक्षा शिंगरास पाजणारी घोडी प्रथिनांची कितीतरी अधिक हक्कदार आहे. परंतु दुकानात पावडर मागण्यास येतो तो बहुधा शर्यतीच्या घोड्याचा माणूस! शिवाय श्रमाबरोबर घोड्याचा खुराकही वाढत असल्याने, वाढलेल्या प्रथिनांची गरज त्या वाढीव खुराकातूनच बहुतेक भागते.

आता खाद्यांकडे पाहू. चांगल्या लसूणघासाच्या वाळलेल्या चाऱ्यात १७ ते २० टक्के, हरभऱ्यात सुमारे २०, कुळिथात सुमारे २२, सोयाबीन पेंडीत ४४ ते ४८, गव्हाच्या कोंड्यात सुमारे १५, ओटमध्ये ११ ते १२, सामान्य वाळल्या गवतात ५ ते ७ आणि भाताच्या पेंढ्यात ३ ते ४ टक्के प्रथिने असतात. गुणवत्तेत मात्र मोठा भेद आहे. हरभरा व सोयाबीन यांच्या १०० ग्रॅम प्रथिनांत ६ ग्रॅम किंवा किंचित अधिक लायसिन असते. ओट, कोंडा व जवस यांत ते सुमारे ४ ग्रॅमच असते. ‘घोडा म्हणजे चणे’ हे आपल्या लोकव्यवहारातील समीकरण शास्त्राच्या कसोटीस उतरते, ते यामुळे.

एक हिशेब

माथेरानसारख्या ठिकाणी पर्यटकांना वाहून नेणारा ३०० किलो वजनाचा घोडा घेऊ. मध्यम श्रमास त्यास दररोज अंदाजे ४६० ग्रॅम प्रथिने व २० ग्रॅम लायसिन पुरेसे आहे. त्याला ६ किलो बरे वाळलेले गवत, १ किलो कोंडा व अर्धा किलो हरभरा मिळत असेल, तर प्रथिने सुमारे ६०० ग्रॅम व लायसिन २० ग्रॅमहून अधिक होते. अशा घोड्यास पावडरीची कोणतीही आवश्यकता नाही. तरीही तो कृश असेल, तर दात, जंत, अतिश्रम किंवा एखादा रोग यांचा शोध पशुवैद्यकाने घ्यावयास हवा. कारण तेथे उणीव प्रथिनांची नाही.

आता दुसरा घोडा पाहा. त्यास ५ किलो पेंढा व दीड किलो कोंडा मिळतो. प्रथिने सुमारे ४०० ग्रॅम, लायसिन सुमारे १५ ग्रॅम. येथे उणीव खरी आहे. परंतु ती कशाने भरून निघते? अर्धा किलो हरभऱ्यात सुमारे १०० ग्रॅम प्रथिने व ६ ग्रॅम लायसिन असते. म्हणजे दोन्ही उणिवा बऱ्याच अंशी तेवढ्यानेच भरतात. पेंढ्याच्या जागी बरे गवत आले तर आणखी उत्तम. रोजच्या कमाईवर घोडा पोसणाऱ्या माणसास हजारो रुपयांचा डबा विकण्यापेक्षा हा सल्ला देणे हे धर्म्यही आहे आणि परिणामकारकही.

हे आकडे अंदाजी आहेत. गवताची प्रत ऋतूप्रमाणे पालटते. पण खाद्य वजन करून पाहिल्यावाचून पूरकाचा विचारच करू नये, हे सूत्र त्यातून स्पष्ट होते.

रक्तद्रव देणारा अश्व

प्रतिविषासाठी रक्तद्रव देणाऱ्या घोड्याच्या शरीरातून प्रत्यक्ष प्रथिनेच काढून घेतली जातात. साहजिकच त्यास भरमसाट प्रथिने द्यावीत असे वाटते. येथेही हिशेब उद्बोधक आहे. समजा, ४०० किलोच्या घोड्याचे ५ लिटर रक्त घेतले. त्यात सुमारे ३ लिटर रक्तद्रव व त्यात सुमारे २०० ग्रॅम प्रथिने असतात. मात्र त्याच रक्ताच्या तांबड्या पेशींत सुमारे ६०० ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे तिप्पट प्रथिन असते. रक्तद्रव वेगळा करून पेशी घोड्यास परत देण्याच्या पद्धतीचे महत्त्व येथे लक्षात येते. त्या पद्धतीत पांडुता टळते, आणि प्रथिनांची व लोहाची मोठी हानीही टळते.

पेशी परत दिल्या आणि पुढील रक्तमोक्षण चार आठवड्यांनी असले, तर २०० ग्रॅमची भरपाई दिवसाला सुमारे ७ ग्रॅम पडते. आहारातील प्रथिनांपैकी ४० टक्केच शरीरघटनेत उतरतात असे धरले तरी रोज १८ ग्रॅम जादा प्रथिने पुरतात. तितकी सुमारे ९० ग्रॅम हरभऱ्यात मिळतात. पेशी परत न दिल्यास मात्र हीच गरज चौपट होते. विषाच्या लसीकरणाचा ताण, शोथ व मंदावलेली भूक यांमुळे प्रत्यक्षातील गरज याहून काहीशी अधिक असणार, आणि तिचा निर्णय तेथील पशुवैद्यकच घेतो. तथापि अशा अश्वाचे आरोग्य रक्तमोक्षणानंतर घातलेल्या एखाद्या मोठ्या मात्रेवर अवलंबून नसून, रोजच्या उत्तम, लायसिनयुक्त आणि अखंड आहारावर अवलंबून आहे, हे यावरून निश्चित दिसते. आपल्या गावात सर्पदंशाच्या रुग्णास मिळणाऱ्या प्रतिविषाच्या कुपीमागे कोठेतरी वेळेवर भरलेली एक गव्हाण असते.

पूरके कोठे उपयुक्त ठरतात

पूरके सर्वस्वी त्याज्य आहेत असे म्हणणे नाही. वाढीचे शिंगरू, गाभण घोडीचे अखेरचे महिने, दूध पाजणारी घोडी, दीर्घ आजारातून उठलेला अश्व आणि पाठीचे मांस झडलेला वृद्ध अश्व या अवस्थांत, चारा निकृष्ट असल्यास त्यांचा उपयोग होतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लायसिन व थ्रिओनिन दिलेल्या तरुण व वृद्ध घोड्यांत मांसाचे प्रमाण सुधारल्याचे आढळले. अशा वेळी शुद्ध लायसिन देण्याचा सल्ला पशुवैद्यक देतो. ‘लायसिन हायड्रोक्लोराइड’ या स्वरूपात सुमारे ७८ टक्केच लायसिन असते, हे मात्रा ठरविताना ध्यानात ठेवावे.

मनुष्यासाठीची अमिनो आम्लांची सिरपे या कामी निरुपयोगी आहेत. त्यांतील मात्रा मिलिग्रॅमची, घोड्याची गरज ग्रॅमची. बाटली रिकामी झाली तरी मुख्यतः साखरच पोटात जाते. लोहयुक्त टॉनिकही सरसकट देऊ नये. घोड्यात लोहाची उणीव क्वचितच असते व अतिरिक्त लोह यकृतास घातक ठरते. दुधाच्या भुकटीतील शर्करा प्रौढ घोड्यास नीट पचत नाही व अतिसार होऊ शकतो. शाखायुक्त अमिनो आम्लांनी शर्यतीतील वेग वाढतो याला खात्रीलायक आधार मिळालेला नाही. ट्रिप्टोफॅन ‘शांत करणारे’ म्हणून विकले जाते. त्याचाही गुण सिद्ध नाही, आणि फार मोठ्या तोंडी मात्रेने घोड्यात रक्तपेशींचा नाश झाल्याचे नोंदले गेले आहे.

अतिरिक्त प्रथिनांचे दोषही जाणले पाहिजेत. घोडा अधिक पाणी पितो, अधिक मूत्र विसर्जित करतो, आणि बंदिस्त तबेल्यात अमोनियाचा उग्र वास साचून श्वसनमार्गास त्रास होतो. प्रथिने जाळताना शरीरात उष्णताही अधिक निर्माण होते. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नसल्याने श्रम करणाऱ्या घोड्यास ती बाधते. यकृत किंवा वृक्क यांचा विकार असलेल्या घोड्यास तर वैद्यकीय सल्ल्याविना प्रथिने वाढवूच नयेत.

ग्रंथोक्त परंपरा

शालिहोत्र, नकुल व जयदत्त यांच्या नावांशी निगडित अश्ववैद्यकाची आपली परंपरा समृद्ध आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात, फलमात्रासिद्धी या अध्यायात, इतर पशूंबरोबर घोड्याच्या बस्तीचाही विचार आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्ष प्रकरणात उत्तम अश्वाच्या दैनंदिन आहारात धान्य किंवा शिजविलेले मूग अथवा उडीद, तसेच तेल व लवण सांगितले आहे. शिजविण्याचा हा निर्देश महत्त्वाचा आहे. कच्च्या द्विदल धान्यांत, विशेषतः कच्च्या सोयाबीनमध्ये, प्रथिनांचे पचन अडविणारे घटक असतात व ते उष्णतेने निष्प्रभ होतात. म्हणून सोयाबीन सदैव भाजलेले किंवा पेंडीच्या स्वरूपात संस्कारित असेच द्यावे.

अश्वगंधेविषयी एवढेच सांगावेसे वाटते की बल्य औषध आणि आहार यांची गल्लत करू नये. काही ग्रॅम चूर्ण शेकडो ग्रॅम प्रथिनांचे कार्य करू शकत नाही. रिकाम्या तोबऱ्याला औषध हा पर्याय नाही.

विक्रेत्यांसाठी तीन इशारे

पहिला आणि सर्वांत गंभीर इशारा मोनेन्सिनचा. कुक्कुटखाद्य व काही गुरांच्या खाद्यात हे द्रव्य मिसळलेले असते. घोड्यात शरीरभाराच्या दर किलोस केवळ २ ते ३ मिलिग्रॅम एवढी मात्राही मृत्यूस कारण होऊ शकते. ते हृदयाच्या स्नायूचा नाश करते. प्रथिने अधिक व किंमत कमी म्हणून कोंबड्यांचे खाद्य घोड्यास देण्याचा मोह होतो. जे सभासद औषधांबरोबर पशुखाद्यही विकतात, त्यांनी असे खाद्य घोड्यासाठी कदापि देऊ नये.

दुसरा इशारा शर्यतीच्या घोड्यांसंबंधी. शर्यतीत घोड्याच्या मूत्राची व रक्ताची तपासणी होते. मनुष्यासाठीच्या अनेक पावडरींत कॅफिन असते. चॉकलेटच्या स्वादाच्या पावडरीतील कोकोमधून थिओब्रोमिन येते. ही दोन्ही द्रव्ये शर्यतीत निषिद्ध आहेत. आपली औषधेही याला अपवाद नाहीत. अग्नितुंडी वटी, विषतिंदुक वटी व कृमिमुद्गर रस यांत कुचला म्हणजे स्ट्रिक्निन आहे; कनकासवात धोत्रा आहे; जातिफलादि चूर्णात भांग आहे. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ या एका वाक्याने घोडा बाद होऊ शकतो आणि मोतद्दाराची उपजीविका जाऊ शकते.

तिसरा इशारा बदलाच्या गतीचा. कोणतेही नवीन खाद्य सात ते दहा दिवसांत क्रमाक्रमाने वाढवावे आणि दाण्याचा खुराक लहान भागांत विभागून द्यावा. आमाशय लहान असलेल्या या प्राण्यास एकाच वेळी दिलेला जड खुराक शूल व खुरांचा शोथ यांस कारण होतो.

दुकानात विचारावयाचे पाच प्रश्न

घोड्यासाठी प्रथिनपूरक मागणाऱ्या ग्राहकास पुढील पाच प्रश्न विचारण्याची पद्धत सभासदांनी ठेवावी.

१. घोड्याचे वय व अंदाजे वजन किती? शिंगरू, गाभण, दूध पाजणारी की वृद्ध?

२. रोज कोणता चारा, किती किलो आणि कोणते दाणे, किती किलो? (‘दोन घमेली’ हे उत्तर चालणार नाही, एकदा वजन करून यावयास सांगावे.)

३. दात व जंत यांची तपासणी पशुवैद्यकाने केव्हा केली?

४. घोडा शर्यतीत धावतो काय? धावत असल्यास, तेथील पशुवैद्यकाच्या लेखी संमतीवाचून काहीही देऊ नये.

५. सध्या दुसरे कोणते पूरक, टॉनिक किंवा पशुखाद्य चालू आहे? वेष्टनावरील घटक वाचले आहेत काय?

या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत बहुतेक वेळा निर्णय आपोआप होतो. कधी चारा सुधारावा लागतो, कधी हरभरा वाढवावा लागतो, कधी पशुवैद्यकाकडे पाठवावे लागते. पावडरीची खरी गरज फार थोड्या प्रसंगी उरते, आणि तेव्हा ती कोणत्या उणिवेसाठी व किती ग्रॅम द्यावयाची हेही निश्चित झालेले असते. एखादी विक्री त्यामुळे कमी होईल. पण आपल्या सल्ल्याने पोसलेला घोडा आपल्या माणसाचे घर चालवीत राहील, हा लाभ त्याहून मोठा आहे.